‘आडवी आली’

“हवालदार, इथं दुसरी वेलांटी हवी,” मी म्हणालो.

हवालदार शेवाळ्यांनी मान वर केली. टेबलावर माझी फिर्याद होती. दीड पान, खाली कार्बन घालून दाबून लिहिलेली.

“कुठं?”

“‘पादचारि’ लिहिलंय. शेवटचा ‘री’ दीर्घ. पादचारी.”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मागे वळून आतल्या शिपायाला हाक मारली. “अरे, इकडं ये जरा. बाई दवाखान्यात पडलीय, जीप दारात उभी आहे, आणि मास्तर आमच्या वेलांट्या तपासतायत!”

शिपाई हसला. मीही हसलो. आपल्यावर कोणी हसलं की आपणही हसायचं, ही माझी जुनी सवय.

“काढतो बाबा, दुसरी काढतो,” शेवाळे म्हणाले. “पण खाडाखोड झाली, आता इथं बाजूला तुमची बारकी सही लागणार. करा.”

मी बारकी सही केली. मग ‘वरील फिर्याद मी वाचून पाहिली, ती माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’ या ओळीखाली मोठी सही केली. बाहेर आलो तेव्हा खरं सांगायचं तर मला थोडं बरं वाटत होतं. रस्त्यावर बाई पडलेली असताना मी पळून गेलो नव्हतो. रिक्षा थांबवली होती, दवाखान्यापर्यंत गेलो होतो, चौकीतही आलो होतो. माझ्यासारख्या माणसानं एवढं करणं म्हणजे पुष्कळ झालं, असं मनात आलं.

मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो. आता ब्याऐंशी. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, एका छापखान्यात मी मुद्रितशोधक होतो. म्हणजे प्रुफं तपासायची. मास्तर मी कधीच नव्हतो, पण चष्मा आणि छत्री पाहून निम्मं गाव मला सबनीस मास्तर म्हणायचं, आणि ते नाकारण्याचं धाडस मला कधी झालं नाही.

छापखाना नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेला लागूनच होता. शाळेसमोरून मोठा रस्ता जायचा. उसाचे ट्रॅक्टर, एसट्या, आणि आमच्याकडे ज्याला वडाप म्हणतात त्या माणसं कोंबून नेणाऱ्या जीपगाड्या. त्या वर्षी शाळेपुढे रस्त्यावर पांढरे पट्टे मारले होते. चौदा पट्टे. मला आकडा ठाऊक होता, कारण रोज सकाळी साडेदहाला तो ऐकू यायचा.

शाळेच्या शिपाई तानूबाई मदने मुलींना पलीकडून अलीकडे आणायच्या. उजवा हात वर, पंजा उघडा, डाव्या हाताला सगळ्यांत लहान मुलगी, आणि मागे माळ. “येक! दोन! पळायचं न्हाई, सुमे! तीन! रस्ता काय कुनाच्या बापाचा न्हाई, सावकाश! च्यार!” बालवाडीच्या पोरी चौदापर्यंतचे आकडे त्या पट्ट्यांवरच शिकल्या. पोरींना पोचवून तानूबाई पुढची तुकडी आणायला एकट्या परत जायच्या. तेव्हाही हात तसाच वर.

ते मी एकदा घरी सांगितलं होतं. माझी बायको कुमुद म्हणाली होती, “तुम्ही तिच्याकडून शिका जरा. तुम्ही रस्ता ओलांडता तेव्हा गाड्यांची माफी मागत ओलांडता.”

अपघात झाला तो जानेवारीत. मी छापखान्याच्या कोपऱ्यावर, शाळेच्याच बाजूला, चप्पल नीट करत उभा होतो. तानूबाई एक तुकडी फाटकात सोडून एकट्या निघाल्या. उजवीकडून उसाचा ट्रॅक्टर आला, त्यांचा हात पाहून थांबला. दोन ट्रॉल्या, डोंगराएवढ्या भरलेल्या. त्या त्याच्या पुढून चालत होत्या. मला त्यांची पाठ दिसत होती, चापून बसवलेला अंबाडा, वर केलेला हात. तेवढ्यात ट्रॅक्टरच्या पलीकडून, त्याला ओलांडून एक जीप पुढे घुसली. मला आवाज ऐकू आला. त्याचं वर्णन मी करणार नाही.

हे सगळं मी शेवाळ्यांना सांगितलं होतं. बहुधा फार हळू सांगितलं असेल. ते लिहीत गेले, मी बोलत गेलो, आणि मग कागद माझ्यापुढे आला. मी तो वाचला. पण कसा वाचला, ते मला सात महिन्यांनी कळलं.

*

ऑगस्टमधली दुपार होती. छापखान्याच्या दारात काठीचा आवाज झाला. वर पाहिलं तर तानूबाई. डावा पाय गुडघ्यापासून बाहेर वळलेला. लोखंडी पट्ट्या निघाल्या होत्या, काठी राहिली होती.

“मास्तर, येळ हाय का?”

मी उठलो, खुर्ची पुढे केली. माझ्या टेबलावरचा चहाचा कप सांडला. त्यांनीच तो सरळ केला.

त्या शाळेत परत रुजू झाल्या आहेत हे मला ठाऊक होतं. पोरींना आणायचं काम मात्र त्यांच्याकडे नव्हतं. त्या आता घंटा द्यायच्या आणि माठ भरायच्या. रस्त्यावर दुसरा शिपाई असायचा. तो शिट्टी वाजवायचा आणि पोरी पळत सुटायच्या.

“पोरी आणायचं काम काढून घेतलं ते पायामुळं असेल,” मी म्हणालो.

“पाय न्हाई. पाय चालतोय.” त्यांनी ब्लाउजमधून घडी केलेला कागद काढला. “मोठ्या बाई म्हनल्या, तानूबाई, फिर्यादीत लिवलंय तुमचीच चूक. जी सोता गाडीखाली गेली तिच्या हातात पोरी देतो, असं मी पालकास्नी कसं सांगू? कोर्टाचा निकाल तुमच्या बाजूनं लागू द्या, मग बघू.” त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला. “सरकारी वकिलाकडनं नक्कल आनलीया. मी तिसरी शिकले. अक्षर लावून लावून वाचलं. पर मला वाटलं, माझंच वाचायचं चुकत आसंल. म्हनून आले.”

नक्कल माझ्याच फिर्यादीची होती. त्यांनी बोट ठेवलं त्या ओळीवर मी पाहिलं.

‘...ट्रॅक्टरच्या पुढून सदर पादचारी महिला अचानक आडवी आल्याने तिला जीपची धडक बसली.’

दुसरी वेलांटी बरोबर होती.

मी पुन्हा वरपासून वाचलं. पट्ट्यांचा उल्लेख कुठेच नव्हता. हाताचा नव्हता. ट्रॅक्टर थांबला होता हे नव्हतं, तो नुसता तिथं ‘होता’. आणि ही ओळ मी वाचली होती. प्रत्येक अक्षर वाचलं होतं. आमच्या धंद्याचा नियमच तसा आहे, पहिल्याच दिवशी शिकवतात: मजकूर लेखकाचा, अक्षरं आपली. मजकुरात हात घालायचा नाही. लेखकानं सूर्य पश्चिमेला उगवला असं लिहिलं तरी ‘पश्चिमे’तला ‘श्चि’ बरोबर आहे ना एवढंच पाहायचं. तीस वर्षं मी तसा वाचत आलो होतो. माझी स्वतःची फिर्यादही मी दुसऱ्या कुणाचा मजकूर असावा तशी वाचली.

“तानूबाई,” मी म्हणालो, “माझ्या हातून...”

“आदी चला भाईर,” त्या म्हणाल्या.

“आत्ता?”

“मग काय मुहूर्त काढायचा?”

आम्ही बाहेर आलो. शाळा चालू होती, रस्ता त्या मानानं मोकळा होता. त्यांनी मला छापखान्याच्या कोपऱ्यावर उभं केलं. “हितंच हुता न्हवं तुम्ही?”

“इथंच.”

“हलू नका.” आणि त्या पट्ट्यांवर निघाल्या. काठी, पाय, काठी, पाय. सहाव्या पट्ट्यावर थांबल्या. डावीउजवीकडे दोन मोटारसायकली करकचून थांबल्या, एकजण काही तरी ओरडला. त्या त्याला म्हणाल्या, “थांब की रं, मास्तरास्नी शिकवतेय!” मग पाठमोऱ्या तशाच, मान न वळवता, मोठ्यानं विचारलं, “मास्तर! मी तुमच्याकडं येतेय का जातेय?”

“जाताय!” मी ओरडलो. रस्त्यात ओरडण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असावी.

“मग ‘आली’ कोन म्हनलं?”

मला उत्तर सापडलं होतं, पण ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. मी जिथं उभा होतो तिथून तानूबाई जात होत्या. त्या ‘आल्या’ फक्त एकाच जागेवरून दिसल्या असत्या. जीपच्या स्टिअरिंगमागून. शेवाळ्यांनी कुणाकडून काही खाऊन तसं लिहिलं, असं मी तेव्हाही मानलं नाही, आजही मानत नाही. गाडी जाते आणि माणूस आडवा येतो. आपल्या बोलण्यात ते इतकं मुरलंय की लिहिणाऱ्याला कळलंही नसेल. पण त्या वाक्याखाली सही माझी होती. ज्यानं सगळं पाहिलं त्यानं ड्रायव्हरच्या खुर्चीत बसून जबाब दिला होता.

तानूबाई परत आल्या. दम लागला होता. कपाळावरचा घाम पदरानं टिपत म्हणाल्या, “माजं वाचायचं चुकलं न्हवतं म्हनायचं.”

“नव्हतं. माझं चुकलं.”

“बरं.” त्यांनी नक्कल पुन्हा घडी करून ठेवली. मला वाटलं, आता रागावतील, निदान काही तरी मागतील. साक्ष अशी द्या, तशी द्या म्हणतील. त्या म्हणाल्या, “चहा सांडला तुमचा. दुसरा घ्या,” आणि घंटा द्यायला निघून गेल्या.

*

तारीख पडली डिसेंबरात. सकाळी कुमुदनं माझा कोट झटकून दिला.

“काय सांगणार आहात?”

“जे पाहिलं ते.”

“ते हळू सांगाल. कोर्टात कुणी पुढे वाकून ऐकत नाही हो.”

“मला बोलता आलं नाही तर?”

कुमुदनं कोटाची कॉलर सरळ केली. मग म्हणाली, “तर मग परत येऊ नका असं म्हणायला हवं. पण म्हणणार नाही. जेवायला या.”

कोर्ट म्हणजे एक लांबट खोली, वर फिरणारा पंखा, आणि टाइपरायटरचा आवाज. न्यायाधीश तरुण होते, सर्दीनं बेजार. आरोपीच्या जागी जीपचा ड्रायव्हर हणमंत येडगे उभा होता. पंचविशीचा, इस्त्रीचा शर्ट, खाली मान. त्याचे वकील जंगम हे आमच्या गावातले नावाजलेले. बोलणं गोड, आवाज असा की पहिल्या बाकावरच्यालाही आणि दारातल्यालाही वाटावं, आपल्याशीच बोलतायत.

तानूबाईंची साक्ष आधी झाली. मी तेव्हा बाहेर व्हरांड्यात होतो, पण दार उघडं होतं आणि तानूबाईंचा आवाज शाळेच्या मैदानावर घडलेला.

“बाई, ट्रॅक्टरच्या पलीकडून गाडी येतेय हे तुम्हाला दिसलं नाही?” जंगम विचारत होते.

“दोन ट्रॉल्या उसाच्या. पल्याडचं द्येवाला तरी दिसंल का?”

“मग दिसत नसताना पुढं जायचं कशाला?”

“वकीलसायेब, ट्रॅक्टर का थांबला हुता? माझ्यासाठी थांबला हुता, का तुमच्या मानसाला पुढं जायाला मिळावं म्हनून?”

आत हसू उठलं. न्यायाधीश शिंकले आणि म्हणाले, “बाई, प्रश्न वकिलांनी विचारायचे, उत्तरं तुम्ही द्यायची.”

“चुकलं सायेब. त्यांनी इचारलं की मग मी थांबते.”

मग माझं नाव पुकारलं.

सरकारी वकिलांनी विचारलं ते मी सांगितलं. कुठे उभा होतो, काय पाहिलं. न्यायाधीश माझं म्हणणं वाक्यावाक्यानं टायपिस्टला सांगत होते आणि तो ठकठक करत होता. माझा आवाज लहान होता, पण चालला होता.

मग जंगम उठले.

“सबनीस साहेब, आपण प्रुफं तपासता?”

“हो.”

“किती वर्षं?”

“तीस.”

“गावात असं म्हणतात, सबनिसांच्या नजरेखालून चुकीचं अक्षर सुटत नाही. खरं?”

“सुटतं कधी कधी.”

“विनय आहे हा आपला.” त्यांनी फिर्याद माझ्यापुढे धरली. “ही सही आपली?”

“हो.”

“आणि ही, बाजूला, बारकी?”

“हो.”

“ती कशासाठी?”

मला ठाऊक होतं ते कुठे नेतायत. वाट दिसत होती आणि मी तिच्यावरून चालत होतो. “वेलांटी दुरुस्त केली होती.”

“वा! म्हणजे हवालदारानं लिहिलेला शब्दन् शब्द आपण वाचला. एक वेलांटी चुकली तीसुद्धा सोडली नाही. आणि त्याच ओळीत, त्याच्यापुढं दोन शब्द टाकून, ‘आडवी आल्याने’ असं आहे. तेही वाचलं?”

“वाचलं.”

“ते चुकीचं असतं तर आपल्यासारख्या माणसानं ठेवलं असतं?”

मी गप्प राहिलो. पंखा फिरत होता. मला आठवतं त्याप्रमाणे मी फार वेळ गप्प होतो. कुमुद नंतर म्हणाली की असं काही नसेल, तुम्हाला नेहमीच आपलं गप्प बसणं लांब वाटतं. पण जंगमांना ते पुरलं. त्यांनी न्यायाधीशांकडे पाहून मान लववली.

न्यायाधीश टायपिस्टकडे वळले. “लिहा. ‘हे म्हणणे खरे आहे की, मी फिर्याद पूर्ण वाचली, आणि त्यातील मजकूर बरोबर असल्याने...’”

ठक, ठक, ठक.

कागदावर माझ्या नावानं दुसऱ्यांदा मजकूर तयार होत होता. आणखी दोन मिनिटांनी तो वाचून दाखवतील, मी ऱ्हस्वदीर्घ ऐकेन, आणि सही करेन. मी बाकाकडे पाहिलं. तानूबाई माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्या टायपिस्टच्या बोटांकडे पाहत होत्या, पोरी पट्ट्यांवर असताना पाहायच्या तशा.

“साहेब, थांबा,” मी म्हणालो.

टाइपरायटर थांबला. न्यायाधीशांनी रुमाल नाकापासून दूर केला.

“‘बरोबर असल्याने’ नको. ते मी बोललो नाही.”

“मग काय बोललात?”

“काहीच बोललो नाही. आता बोलतो. मजकूर चूक होता. मी वेलांटी सुधारली आणि खोटं तसंच ठेवलं. आमच्या धंद्यात मजकुराला हात लावायचा नसतो. पण तो मजकूर माझा होता. माझाच आहे हे मी विसरलो.”

“अकरा महिन्यांनी आठवलं?” जंगम गोड हसले.

“आठवण करून दिली म्हणून आठवलं.” आता मला थांबता येईना. “साहेब, मी शाळेच्या कोपऱ्यावर उभा होतो. बाई माझ्यापासून दूर जात होत्या. मला पाठ दिसत होती. माझ्या जागेवरून कोणीही ‘गेली’ म्हणेल, ‘आली’ म्हणणार नाही. ‘आली’ हा शब्द फक्त गाडीतल्या माणसाचा असू शकतो. मी गाडीत नव्हतो. आणि ‘अचानक’ही माझा नाही. त्या सहा पट्टे चालल्या होत्या. ट्रॅक्टर थांबण्याइतका वेळ चालल्या होत्या. अचानक चालता येत नाही हो त्यांना, त्या पोरींनासुद्धा अचानक चालू देत नाहीत.”

खोलीत कुठेतरी हसू आलं आणि विरलं. जंगम मात्र एकदम सावध झाले होते. आवाज उतरवून म्हणाले, “फार छान व्याकरण. ही आली-गेलीची फोड आपली स्वतःची, की कोणी समजावून दिली?”

इथं मला खोटं बोलता आलं असतं. तसं बोलणं सोपंही होतं. पण मी पुन्हा बाकाकडे पाहिलं. “तानूबाईंनी.”

“कोणी?”

“तानूबाई मदने यांनी. रस्त्यात उभं करून.”

जंगम हात पसरून न्यायाधीशांकडे वळले. “लिहून घ्यावं, साहेब. साक्षीदाराला जखमी बाईनं पढवलं.”

“पढवलं नाही,” मी म्हणालो. इतक्या मोठ्यानं, की माझा मीच दचकलो. “पाहिलं ते मी. चुकीचं वाचलं तेही मी. त्यांनी फक्त चूक दाखवली, आणि काय सांगा हे एका शब्दानंही म्हणाल्या नाहीत. तिसरी शिकलेल्या बाईला जी चूक दिसली ती मला दिसली नाही. आमच्या धंद्यात चूक दाखवणाऱ्याला पढवणारा म्हणत नाहीत. त्याचे उपकार मानतात.”

न्यायाधीश काही वेळ पेन्सिल फिरवत राहिले. मग विचारलं, “नेमकं कसं लिहायचं? सांगा तुम्हीच. टायपिस्टला सावकाश सांगा.”

मी सांगितलं. “ट्रॅक्टर बाईंचा हात पाहून थांबला होता. बाई पांढऱ्या पट्ट्यांवरून, हात वर करून, पलीकडे जात होत्या. जीप थांबलेल्या ट्रॅक्टरला ओलांडून पुढे आली आणि तिनं बाईंना धडक दिली.”

टायपिस्टनं वाचून दाखवलं. मी ऱ्हस्वदीर्घाकडे लक्ष दिलं नाही. ते बरोबर होते की नाही, मला आजही माहीत नाही.

*

निकाल पाच आठवड्यांनी लागला. हणमंत दोषी ठरला. शिक्षा फार मोठी नव्हती, आणि तानूबाईंनी ती किती, हे विचारलंही नाही. कोर्टाच्या पायऱ्यांवर तो एकटाच उभा होता, त्याच्याबरोबरचे लोक वकिलांमागे गेले होते. तानूबाई काठी टेकत त्याच्यापाशी गेल्या. मी दोन पावलं मागे थांबलो.

“मावशी, खरं सांगतो,” तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “मला तुम्ही दिसलाच न्हाई. अचानकच आला तुम्ही.”

“ठावं हाय मला,” तानूबाई म्हणाल्या. “तुला अचानकच दिसले आसंन. ते तू खोटं न्हाई बोललास. पर बाबा, दिसत न्हवतं म्हनूनच थांबायचं हुतं.”

तो मान हलवत राहिला.

“जेवलायस का?” त्यांनी विचारलं. तो नाही म्हणाला. “मग जा, जेव जा.”

निकालाची नक्कल घेऊन त्या थेट शाळेत गेल्या. मलाही बरोबर नेलं, कशासाठी ते मला कळलं नाही. मुख्याध्यापिका शिंत्रेबाईंच्या टेबलावर त्यांनी ती पानं ठेवली आणि म्हणाल्या, “वाचा.” शिंत्रेबाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं. बाई वाईट नव्हत्या. पालकांना भिऊन असायच्या, एवढंच. ‘जखमी महिलेचा कोणताही दोष नाही’ या ओळीशी त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “सोमवारपासून. पण तानूबाई, पायाचं काय? तुम्हाला वेळ लागेल. गाड्या खोळंबतील.”

“खोळंबू देत.”

“लोक हॉर्न वाजवतील.”

“वाजवू देत की. हॉर्ननं कुनी मरत न्हाई.”

सोमवारी मी सव्वादहालाच छापखान्याच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. कुमुदही आली होती, भाजीच्या पिशवीचं निमित्त करून. पलीकडे पोरींची माळ तयार झाली. काठी डाव्या हातात असल्यामुळे लहान पोरीला धरायला हात उरला नव्हता, तर त्या पोरीनं काठीच धरली होती, तानूबाईंच्या मुठीखाली. उजवा हात वर गेला.

इकडून एसटी थांबली. तिकडून एक मालट्रक, त्यामागे वडापच्या दोन जीपगाड्या. पहिला पट्टा. काठी, पाय. पूर्वी ज्या वेळात पोरी अलीकडे पोचायच्या त्या वेळात त्या चौथ्या पट्ट्यावर होत्या. पोरी आपोआप त्यांच्या पायाच्या चालीनं चालू लागल्या होत्या, प्रत्येक आकडा लांबवत. मध्यावर तानूबाई थांबल्या, श्वास घेतला. रस्त्याच्या ऐन मधोमध. मला वाटलं, आता कोणीतरी ओरडेल. मी पुढे व्हायला निघालो. कुमुदनं माझी बाही धरली.

मागच्या जीपवाल्यानं हॉर्न दाबला, लांबलचक. मालट्रकच्या ड्रायव्हरनं खिडकीतून हात बाहेर काढला, मागे वळून न पाहता, आणि पंजा उघडून त्याला थांबायची खूण केली. हॉर्न बंद झाला. तानूबाईंचा श्वास पुरा झाला आणि त्यांनी आठ म्हटलं.